लॅपटॉपची झोप आणि बॅटरीची शिल्लक



खेड्यातल्या शाळेतही आता फळ्याशेजारी लॅपटॉप दिसू लागला आहे. कुठे तो एखाद्या योजनेतून आला, कुठे गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतला, तर कुठे शहरात नोकरीला गेलेल्या माजी विद्यार्थ्याने आपला जुना लॅपटॉप शाळेला देऊन टाकला. विंडोज १० या प्रणालीला मिळणारी नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर बसत नाही. म्हणून अशा यंत्रांवर लिनक्स घालून ती वापरात ठेवण्याकडे अनेकांचा कल आहे. लिनक्सचा गाभा लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रथम जगापुढे ठेवला. आज उबंटू, लिनक्स मिंट, डेबियन अशा नावांनी तो आपल्याला फुकट मिळतो. यंत्र जुने, प्रणाली नवी आणि खर्च काही नाही. शाळेच्या दृष्टीने सौदा चांगला आहे.

पण महिना-दोन महिन्यांत गुरुजींच्या तक्रारी सुरू होतात. संध्याकाळी बॅटरी भरून ठेवली, सकाळी बघावे तर लॅपटॉप मेलेला. धडा ऐन रंगात आला की पडदा काळा. झाकण मिटून पिशवीत ठेवला, घरी जाऊन काढला तर तव्यासारखा तापलेला. किंवा बॅटरी तीस टक्के दाखवते आणि तरीही यंत्र एकदम बंद पडते. मग कुणी सांगते, ‘बॅटरी बदला’. कुणी सांगते, ‘लिनक्सच काढून टाका’. शेवटी लॅपटॉप कपाटात जातो. भारनियमनाच्या दिवशी मुलांना रक्ताभिसरणाचे चित्र दाखवायचे असते, ते राहून जाते. शाळेच्या तुटपुंज्या निधीतून नवी बॅटरी आणली आणि दोष बॅटरीत नव्हताच असे निघाले, तर पैसे गेले ते गेलेच. म्हणून दोष शोधायचा कसा, हे आज आपण क्रमाने बघू.

विहिरीवरची मोटार चालत नसेल तर शेतकरी काय करतो? पहिल्याच फटक्याला मोटार खोलत बसत नाही. आधी डीपीवर वीज आहे का ते बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, आणि मोटारीला हात सर्वांत शेवटी. लॅपटॉपचेही तसेच करावे. आधी वीज येते का, मग बॅटरीत किती मावते, मग यंत्र खरोखर झोपते का, आणि झोपत नसेल तर त्याला जागे कोण ठेवते. हा क्रम सोडू नका. आणखी एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत तारखेसह लिहून ठेवायची. एकदम पाच सेटिंगे बदलली तर गुण कशाने आला आणि अवगुण कशाने, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

पहिली पायरी, वीज. चार्जर लावला की पडद्याच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चिन्हावर विजेची खूण दिसते का? खेड्यात व्होल्टेज कमी असते म्हणून चार्जिंग होत नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. पण लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असते, तेव्हा थोड्याफार चढउताराने त्याचे अडत नाही. सैल झालेली पिन आणि वाकून वाकून आतून तुटलेली वायर हीच कारणे जास्त. दुसरे असे, की दुसऱ्या यंत्राचा कमी वॉटचा चार्जर लावला तर लॅपटॉप चालू असताना बॅटरी भरतच नाही, उलट हळूहळू उतरते. तेव्हा यंत्राच्या मूळ चार्जरवर किती वॉट लिहिले आहेत ते वहीत टिपून ठेवा.

दुसरी पायरी, बॅटरीची ताकद. बॅटरी शंभर टक्के भरली, या वाक्यात एक गोम आहे. शंभर टक्के कशाचे? रांजण नवा होता तेव्हा त्यात चार हंडे मावत; आता तळाशी गाळ साचून दोनच मावतात. दोन हंडे ओतले की रांजण काठोकाठ भरलेला दिसतो, पण पाणी निम्मेच असते. लिनक्समध्ये हा गाळ मोजता येतो. पॉवर स्टॅटिस्टिक्स नावाचा छोटा प्रोग्राम उघडा. तो नसेल तर टर्मिनल उघडून यू, पी, ओ, डब्ल्यू, ई, आर ही इंग्रजी अक्षरे लहान लिपीत लिहा, मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून डी. एंटर दाबताच माहितीच्या ओळी येतील. त्यांत दोन आकडे शोधा. बॅटरी नवी असताना तिच्यात किती ऊर्जा मावायची हा एक, आणि आज किती मावते हा दुसरा. दोन्ही वॉट-तासांत असतात.

समजा, मूळ आकडा ५० आहे आणि आजचा २०. म्हणजे बॅटरीत चाळीस टक्केच जीव उरला आहे. आता यंत्र किती वॉट खाते ते बघा. तो आकडाही तिथेच असतो, मात्र चार्जर काढून बघावा. यंत्र १० वॉट खात असेल तर २० भागिले १०, म्हणजे दोन तास चालेल. २० वॉट खात असेल तर एकच तास. हे गणित सातवीच्या मुलांकडून करून घेतले तरी चालेल. भागाकाराचा इतका उपयोगी दाखला क्वचितच सापडेल.

या दोन आकड्यांवरून पुढचा रस्ता ठरतो. आजचा आकडा मूळ आकड्याच्या निम्म्याहूनही खाली गेला असेल, तर बॅटरी थकली आहे आणि सेटिंग बदलून ती तरुण होणार नाही. तीस टक्क्यांवर एकाएकी बंद पडणारे यंत्र बहुधा याच जातीचे असते. थकलेल्या बॅटरीचे व्होल्टेज जोर पडताच खाली बसते आणि टक्क्यांचा अंदाजही चुकतो. उलट आजचा आकडा मूळ आकड्याच्या जवळ असेल आणि खप मात्र मोठा असेल, तर बॅटरीवर खर्च करू नका. दोष पुढे आहे.

खप कमी करायचा तर पहिला मान पडद्याच्या उजेडाचा. उजेड निम्मा करून खपाचा आकडा पुन्हा बघा, फरक डोळ्यांना दिसेल. नंतर पॉवर मोड बघा. नव्या उबंटूत परफॉर्मन्स, बॅलन्स्ड आणि पॉवर सेव्हर असे मोड असतात. काही यंत्रांवर पहिला दिसत नाही. वर्गात चित्रे आणि अक्षरे दाखवायला पॉवर सेव्हर पुरतो. येथे एक इशारा देतो. ही मोडची व्यवस्था एक प्रोग्राम बघत असतो. कुणी तरी सांगते, म्हणून आपण टीएलपी नावाचा दुसरा प्रोग्रामही बसवतो. टीएलपी चांगला आहे, यात शंका नाही. पण एका बैलजोडीला दोन गाडीवान, एक म्हणतो डावीकडे, दुसरा उजवीकडे, अशी गत होते. दोघांपैकी एकालाच कामावर ठेवा.

आता तिसरी पायरी, झोप. येथेच सर्वांत जास्त घोटाळे होतात. यंत्र, त्याचे भाग आणि प्रणाली यांनी विजेबाबत एकमेकांशी कसे बोलावे, याचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून १९९६ साली प्रसिद्ध केले. त्यांना एसीपीआय म्हणतात. आजची झोप या नियमांवरच चालते, आणि तिचे तीन प्रकार समजून घेतले पाहिजेत.

पहिली, डुलकी. पडदा काळा होतो, पुष्कळसे भाग विसावतात, पण यंत्र पुरते झोपत नाही. दुसरी, गाढ झोप. यात चालू काम जिथे लिहिलेले असते त्या रॅमला तेवढी वीज मिळत राहते, बाकी जवळजवळ सर्व बंद. तिसरी, हायबरनेशन, बेडकाने पावसाळ्यापर्यंत स्वतःला मातीत पुरून घ्यावे तशी. यात चालू काम डिस्कवर लिहून यंत्र बंदच होते, त्यामुळे बॅटरी जवळपास खर्च होत नाही.

मेनूतून ‘सस्पेंड’ म्हटले की पहिल्या दोनपैकी एक झोप लागते. कोणती, ते यंत्रावर आणि सेटिंगवर अवलंबून. आता हिशोब करा. रात्रीचे दहा तास यंत्राने अर्धा वॉट घेतला तर पाच वॉट-तास गेले. पन्नासाच्या बॅटरीतले दहा टक्के. तेच चार वॉट घेतले तर चाळीस वॉट-तास गेले, म्हणजे ऐंशी टक्के! सकाळी लॅपटॉप मेलेला का सापडतो, याचे उत्तर या आकडेमोडीत आहे.

तपासायचे कसे? संध्याकाळी टक्के वहीत लिहा, सस्पेंड करा, सकाळी पुन्हा बघा. घट फार असेल तर टर्मिनलमध्ये ‘कॅट’ या आज्ञेने, सिस फोल्डरमधील पॉवर फोल्डरात असलेली मेम-स्लीप ही फाइल वाचा. ‘मेम’ आणि ‘स्लीप’ यांच्यामध्ये खालची रेघ असते, हे विसरू नका. तिथे ‘एस-टू-आयडल’ आणि ‘डीप’ असे दोन शब्द दिसतील आणि त्यांपैकी एकाला चौकोनी कंस असेल. कंस ज्याला, ती झोप सध्या चालू. एस-टू-आयडल म्हणजे डुलकी, डीप म्हणजे गाढ झोप. दोन्ही शब्द असतील आणि कंस डुलकीला असेल, तर जाणत्या माणसाकडून गाढ झोप लावून घ्या आणि एक-दोन रात्री बघा. ‘डीप’ हा शब्दच नसेल तर यंत्र चालू होताना उघडणाऱ्या बायोसमध्ये डोकवा. काही थिंकपॅड मॉडेलांत झोपेचा प्रकार तिथे निवडता येतो. काही नव्या यंत्रांत मात्र गाढ झोपेची सोयच ठेवलेली नसते. तिथे हट्ट न धरता रात्री यंत्र सरळ बंद करावे.

कुणी विचारील, मग हायबरनेशनच का लावू नये? लावता येते, पण त्याला डिस्कवर निदान रॅमइतकी स्वॅप नावाची जागा लागते आणि थोडी जुळवाजुळव करावी लागते. उबंटूत तर हा पर्याय मेनूत आपोआप दिसतही नाही. शिवाय यंत्रात सिक्युअर बूट चालू असेल तर पुष्कळ ठिकाणी लिनक्सचा गाभाच त्याला मनाई करतो. शाळेला एवढ्या खटपटीची गरज नाही. शाळा सुटली, काम जतन केले, यंत्र बंद केले. हा जुना रिवाज उत्तम.

चौथी पायरी, यंत्राला जागे कोण ठेवते? येथे आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. पडदा काळा होणे निराळे आणि यंत्र झोपणे निराळे. उबंटूच्या सेटिंग्जमध्ये पॉवर या सदरात दोन्हींची घड्याळे वेगवेगळी आहेत. स्क्रीन ब्लँक हे पडद्याचे. ऑटोमॅटिक सस्पेंड हे झोपेचे, आणि त्यातही बॅटरीवर असताना किती मिनिटे व चार्जरवर असताना किती, हे पुन्हा वेगळे. धड्याच्या मध्येच पडदा काळा होतो तेव्हा पहिले घड्याळ वाढवायचे. पुष्कळ जण दुसरेच वाढवतात, आणि ‘सेटिंग लागत नाही हो’ म्हणून हात टेकतात. चित्रफीत चालू असताना पडदा सहसा काळा होत नाही, कारण चित्रफीत दाखवणारा प्रोग्राम ‘झोपू नका’ अशी विनंती प्रणालीला करत असतो. पुस्तकाचे पान नुसते उघडून ठेवले तर अशी विनंती कुणी करत नाही, आणि नेमके तेच पान आपण दहा मिनिटे समजावून सांगत असतो.

या विनंतीची दुसरी बाजूही आहे. ब्राउझरमध्ये चित्रफीत चालूच राहिली तर यंत्र रात्रभर जागे राहू शकते. अशा विनंत्या सध्या कुणी केल्या आहेत, त्यांची यादी ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ या आज्ञेपुढे दोन आडव्या रेघा आणि ‘लिस्ट’ लिहिले की मिळते. यादीत ओळखीचा प्रोग्राम दिसला की तो बंद करा. नेटवर्क वगैरेंच्या दोन-चार ओळी तिथे नेहमीच असतात. त्या फक्त झोपेआधी क्षणभर थांबवतात, त्यांची काळजी करू नये.

आता झाकण. झाकण मिटले की काय करायचे, हे लॉगइन-डी नावाचा प्रणालीचा एक सेवक ठरवतो. झाकण मिटताच सस्पेंड, ही त्याची मूळची शिकवण. पण प्रोजेक्टर किंवा दुसरा पडदा जोडलेला असेल तर तो झाकणाकडे दुर्लक्ष करतो. हेही सोयीचेच आहे, कारण झाकण मिटून प्रोजेक्टरवर धडा चालू ठेवता येतो. पण तास संपला, घाईत झाकण मिटले, वायर ओढून काढली आणि यंत्र पिशवीत कोंबले, अशा वेळी ते झोपले असेलच अशी खात्री धरू नये. पिशवीत वारा नाही आणि यंत्र जागे. उष्णता जाणार कुठे? लिथियमच्या बॅटरीला उष्णतेसारखा शत्रू नाही. म्हणून सवय अशी लावा: आधी वायर काढा, मेनूतून स्वतः सस्पेंड करा, दिवा विझला किंवा मंद लुकलुकू लागला की मग झाकण मिटा.

झाकणाचे सेटिंग बदलायचेच असेल तर लिनक्स मिंटच्या सिनॅमन मांडणीत ते पॉवर मॅनेजमेंटमध्ये समोरच आहे. उबंटूत त्यासाठी लॉगइनडी-कॉन्फ ही फाइल बदलावी लागते. बदलण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा. या फाइलमधल्या बहुतेक ओळींच्या आरंभी हॅशची खूण असते. ती खूण आहे तोवर ओळ म्हणजे नुसती टीप. प्रणाली ती वाचतच नाही. पुष्कळ जण ओळीतला शब्द बदलतात, हॅश तशीच ठेवतात आणि दिवसभर नशिबाला बोल लावतात. हॅश काढा, फाइल जतन करा, यंत्र पुन्हा चालू करा, मग तपासा.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. पडद्याची आणि झोपेची ही घड्याळे ज्याच्या त्याच्या खात्यापुरती असतात. गुरुजींच्या खात्यात बदल केला म्हणून विद्यार्थ्यांच्या खात्यात तो होत नाही. इतकेच काय, उबंटूत नाव आणि पासवर्ड विचारणारा जो पहिला पडदा असतो, त्याचेही आपले वेगळे घड्याळ असते. त्यामुळे यंत्र सुरू करून कुणी आत शिरलेच नाही, तर आपल्या सेटिंगकडे न बघता ते झोपी जाऊ शकते.

झोपलेले यंत्र उठतच नसेल तर? चालू करायचे बटण क्षणभर दाबून बघा. दाबून धरू नका, धरले तर यंत्र सक्तीने बंद होते. तरीही पडदा काळाच राहिला तर दोष बहुधा चित्र उमटवणाऱ्या भागाच्या ड्रायव्हरमध्ये असतो. नुकतेच अपडेट झाले असेल तर यंत्र सुरू होताना ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून लिनक्सचा आधीचा गाभा निवडा. त्याने यंत्र नीट उठले तर चोर सापडला. पुढचे अपडेट येईपर्यंत जुन्यावर काम चालवा.

शेवटी बॅटरी जपण्याविषयी थोडेसे. काही लॅपटॉपांत बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवता येते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४८ मध्ये ही सोय सेटिंग्जमध्येच दिली आहे, अर्थात यंत्राने साथ दिली तर. सदैव काठोकाठ भरून ठेवलेली बॅटरी लवकर थकते, म्हणून ही सोय. पण ज्या गावात रोज चार तास वीज जाते तिथे उरलेल्या वीस टक्क्यांत एक तास शिकवून होतो. तेव्हा सुटीच्या दिवसांत मर्यादा लावा, भारनियमनाच्या दिवसांत ती काढा. सल्ला शहरातून आला तरी वेळापत्रक आपल्या डीपीचे बघायचे.

तर मंडळी, शाळेत एक साधी वही करा. पहिल्या पानावर यंत्राचे नाव, चार्जरचे वॉट आणि बॅटरीचे दोन आकडे लिहा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन विद्यार्थ्यांनी ते आकडे पुन्हा वाचून खाली लिहावेत. सहा महिन्यांनी बॅटरी कोणत्या वेगाने उतरते आहे ते त्यांनाच दिसेल, आणि नवी बॅटरी घ्यायची की सेटिंग बदलायचे, याचा निर्णय शाळा समितीपुढे पुराव्यानिशी मांडता येईल. कपाटात पडून राहिलेला लॅपटॉप या सोमवारी बाहेर काढा, चार्जर लावा आणि पहिले दोन आकडे लिहून घ्या.